दहाच्या जागी शंभर

जयवंतरावांना पाव किलो भेंडी आणायला सांगितली की ते किलोभर आणत. "भाव तोच पडतो ग, जास्त असलेलं बरं," असं वर सांगत. सून मृदुला दोन-दोन दिवस भेंडी खाई आणि गप्प बसे, कारण सासरा सोन्यासारखा होता.

यंदा बडोद्याजवळच्या छाणीतल्या त्यांच्या सोसायटीच्या गरब्यासाठी मृदुलाने घरीच इन्व्हर्टर बनवला, लाइट गेली तरी गाणी थांबू नयेत म्हणून. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. पण मशीन तपासून व्हायच्या आतच जयवंतराव सोसायटीभर सांगून आले, "आपल्या वहूचं मशीन आहे. भाड्याचा जनरेटर कॅन्सल करा!"

दुपारी चाचणी घेतली तर मशीन थोड्याच वेळात तापून बंद पडलं. आतले मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, हात लावू देईनात.

"मॉस्फेट चालवणारी चिप नकली निघाली वाटतं," मृदुला म्हणाली. "मॉस्फेट उघडायचा तर त्याचं गेट करंटने भरावं लागतं. त्यासाठी ही चार अँपिअर देते असं लिहिलंय नुसतं."

"चारच? मग नऊवाली आणतो ने!" जयवंतराव स्कूटर काढून सयाजीगंजला गेलेसुद्धा.

नऊवाली बसवली. मशीन तितकंच तापलं. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी गजेंद्रभाई दारात आले. "जयवंतराव, तो जनरेटरवाला विचारतोय, कॅन्सल नक्की का. हो सांगू ने?"

जयवंतरावांचा चेहरा उतरला. आपल्या उतावळ्या बढाईमुळे चारचौघांत सुनेची फजिती होणार, हे त्यांना फार लागलं.

मृदुलाने चष्मा लावून चिप आणि गेट यांच्यामधला रेझिस्टर पाहिला. "पप्पा, मी दहा ओहमचे सांगितले होते ना? हे शंभरचे आहेत!"

"मग! भाव एकच होता. दहाच्या जागी शंभर मिळतायत तर कोण सोडेल?"

मृदुलाने कपाळाला हात लावला आणि मग तिला हसूच आवरेना. "अहो, रेझिस्टर म्हणजे अडथळा! चार काय नि नऊ काय, ते आकडे वाटेत काही नसतानाचे, आणि तेही गेट रिकामं असतानाच्या क्षणाचे. चिपच्या आतला अडथळा एक-दोन ओहमचा. बाहेर आपण शंभरचा लावला, मग बारा व्होल्टमध्ये चिमूटभर करंट जाणार. गेट हळूहळू भरतं, मॉस्फेट अर्धवट उघडा राहतो आणि तापतो."

"म्हणजे चिप बिचारी निर्दोष?"

"दोन्ही चिपा निर्दोष. आता दहाचे आणा. आणि पप्पा, सांगितलं तेवढंच हं!"

संध्याकाळी ऐन गरब्यात लाइट गेली. गाणं थांबलं नाही. गजेंद्रभाईंनी माइकवरून मृदुलाचं नाव घेतलं, तेव्हा जयवंतरावांचे डोळे भरून आले.

सकाळी मृदुला म्हणाली, "पप्पा, आज फाफडा होऊन जाऊ दे. पाव किलो."

जयवंतराव तराजूपाशी डोळ्यांत तेल घालून उभे राहिले. दुकानदाराने प्रेमाने वरून घातलेले चार तुकडेसुद्धा त्यांनी परत दिले. घरी आले तर दारात चपलांचा ढीग. मृदुलाचं कौतुक करायला अख्खी सोसायटी आत बसली होती.

मृदुलाने त्यांच्या हातातली पुडी पाहिली. "पप्पा, एवढाच?"

"तूच म्हणालीस ना, सांगितलं तेवढंच."

"अहो, ऐकायला आजचाच दिवस सापडला तुम्हाला?"