दवाखान्यातला सत्त्याऐंशी टक्के पाठिंबा

"यंदा आपला पक्ष येईल असं वाटत असेल, तर डोळे मिटा," दातांचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ड्रिल सुरू केलं.

खुर्चीत आडव्या पडलेल्या किराणा दुकानदाराने डोळे मिटले. डॉक्टरांनी शेजारच्या कागदावर खूण केली.

"आणि पक्षनिधीला काही द्यायची इच्छा असेल, तर पुन्हा मिटा."

दुकानदाराचे डोळे मिटलेलेच होते, म्हणून त्याने ते आणखी गच्च आवळले. डॉक्टरांनी 'पाचशे'च्या रकान्यात खूण केली. नुसते मिटले तर शंभर, गच्च मिटले तर पाचशे आणि कडेने पाणी आलं तर हजार, अशी त्यांची पद्धत होती. तोंडात कापूस असलेला माणूस बोलू शकत नाही, ड्रिल चालू असताना मान हलवणं धोक्याचं, म्हणजे मत द्यायला उरले डोळे. डॉक्टरांना ही पद्धत फार शास्त्रीय वाटत होती. ड्रिलचा आवाज झाला की त्या खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस डोळे मिटतो, हे ते बावीस वर्षं रोज बघत होते. पण राजकारणात पडल्यावर माणसाला इतक्या बारीकसारीक गोष्टी कुठे दिसतात?

विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. पक्षाचे गावात अकरा सभासद होते आणि त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नसत. अध्यक्ष वकीलसाहेब. त्यांनी डॉक्टरांना खजिनदार केलं ते एका साध्या हिशेबाने. "तुमच्यापुढे आलेला माणूस उठून पळू शकत नाही," ते म्हणाले होते. लोकांचा कल अजमावणं आणि निधी गोळा करणं, ही दोन्ही कामं डॉक्टरांच्या गळ्यात पडली. पहिल्या दिवशी ते दारोदार जायला निघाले. पहिल्याच घरी त्यांनी पक्षाचा विषयच काढला नाही. त्यांनी घरमालकाच्या पडद्यांचं कौतुक केलं, त्याच्या मुलीचे दात फुकट तपासून द्यायचं कबूल केलं आणि ते घरी परतले. स्वतःच्या दवाखान्यात मात्र ते वाघ होते.

"सत्त्याऐंशी टक्के?" बाहेर काउंटर सांभाळणाऱ्या बायकोने कागद बघून विचारलं. "अहो, मागच्या खेपेला आपली अनामत रक्कम जप्त झाली होती. लोक तुमच्या हातात पत्रक दिसलं की रस्ता ओलांडायचे."

"लाट आहे," डॉक्टर म्हणाले. "लाट आतून येते. वरून कळत नाही."

"आणि उरलेले तेरा टक्के?"

"ते नुसते फी विचारायला आले होते."

बायकोने कागद परत दिला आणि ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं डॉक्टरांनी पाठिंबा म्हणून धरलं.

वकीलसाहेबांच्या ऑफिसात कार्यकारिणी बसली. मोठ्या पक्षाचा निरोप येऊन पडला होता: तुम्ही उभे राहू नका, आम्हाला पाठिंबा द्या, तुमच्या ऑफिसचं वर्षाचं भाडं आम्ही भरतो. कालपर्यंत वकीलसाहेब या निरोपावर खूश होते. आता त्यांनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"सांगा त्यांना, आमचं भाडं आम्ही भरू!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "आपण स्वबळावर लढणार. उमेदवार डॉक्टर!"

"मी?" डॉक्टरांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"मग कोण? लाट तुमच्या खुर्चीतून उठलीय. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत अर्ज भरायचाय. अनामत रक्कम लोकांनी कबूल केलेल्या निधीतून भरा. अहो, नुसत्या दाढांवर चाळीस हजार दिसतायत इथे!"

एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, तर निदान चढवणारा दुसरा असतो. डॉक्टरांनी झाड स्वतः लावलं होतं आणि शिडीही स्वतःच आणली होती.

वसुलीला मंगळवारी सुरुवात झाली. फीबरोबरच कबूल केलेला निधीही बायकोने काउंटरवर मागावा, असं ठरलं. पहिला आला किराणा दुकानदार.

"हे पाचशे कसले?"

"पक्षनिधी. तुम्ही कबूल केलेत म्हणे."

"कधी?"

"दाढेच्या वेळी."

"वहिनी, त्या वेळी मी एवढंच कबूल केलं होतं, की यातून जिवंत सुटलो तर जन्मात गोड खाणार नाही! आणि तेही देवाला!"

दुकानदाराचं दुकान चौकात. संध्याकाळपर्यंत गोष्ट चारही रस्त्यांनी गेली. बुधवारी अकरा जणांनी वेळ रद्द केली. दुखणं अगदीच असह्य झालेले जे दोघे-तिघे आले, ते डोळे फाडून बसले. एका शिंपीणबाईंनी तर दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या वर धरून ठेवल्या आणि दात काढून होईपर्यंत सोडल्या नाहीत. जमा झालेला निधी शून्य होता, आणि बावीस वर्षांचा दवाखाना आता गाशा गुंडाळतो की काय, अशी पाळी आली होती.

दुपारी डॉक्टरांच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका बाई कवळी सैल करून घ्यायला आल्या. यादीत त्यांच्या नावापुढे हजार होते.

"बाई, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं," डॉक्टर हळूच म्हणाले. "मला वाटलं, पक्षाबद्दल..."

"अरे, तू माझ्या हिरडीवर कोपर टेकवलं होतंस!" बाईंनी कवळी नीट बसवली. "शाळेतही तू असाच. प्रश्न विचारायचास आणि उत्तर यायच्या आत खाली बसायचास. लोकांना विचारायचंय ना? मग तोंड रिकामं असताना विचार."

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर झोप लागली नाही. गुरुवारी सकाळी दवाखान्याला कुलूप लावून ते यादी घेऊन बाहेर पडले. प्रत्येक दारात त्यांनी आधी माफी मागितली, यादीतलं नाव त्या माणसासमोर खोडलं आणि मग विचारलं, "आता खरं सांगा. आम्हाला मत द्याल?"

लोकांनी खरं सांगितलं. एकापाठोपाठ एक, अगदी प्रेमाने, सगळ्यांनी 'नाही' असं सांगितलं.

"डॉक्टर, माणूस तुम्ही सोन्यासारखे," किराणा दुकानदार म्हणाला. "म्हणून तर वाटतं, निवडून येऊ नका. मग आमच्या दाढा कोण बघणार?"

पण घरी येऊन माफी मागणारा उमेदवार लोकांनी जन्मात पाहिला नव्हता. शुक्रवारी सकाळी दवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती. वेळ रद्द केलेले अकरा आले, त्यांनी आणखी नऊ जण आणले. डॉक्टरांनी तोंडातून एकही राजकीय शब्द न काढता दुपारपर्यंत मान खाली घालून काम केलं. दीड वाजता बायकोने गल्ला मोजला. बरोबर अनामत रकमेइतके पैसे झाले होते, वर थोडी चिल्लर. डॉक्टरांनी त्याकडे पाहिलं, मग पक्षाच्या कोऱ्या पावतीपुस्तकाकडे पाहिलं आणि खिशातून पेन काढलं. पावती क्रमांक एक त्यांनी स्वतःच्याच नावाने फाडली.

वकीलसाहेब अर्जाचे कागद घेऊन आले आणि पावती बघून भारावले.

"पक्षाचा सर्वांत मोठा देणगीदार! डॉक्टर, या माणसाचा सत्कार व्हायला हवा. पुष्पगुच्छ उमेदवाराच्या हातून देऊ, आभार खजिनदार मानतील."

"तिघंही मीच आहे, साहेब."

"बरंच झालं. खर्च वाचेल," म्हणून ते खाली रिक्षा बघायला गेले.

डॉक्टर काउंटरशी घुटमळले. गुरुवारी त्यांनी सगळं गाव विचारून काढलं होतं.

"ऐक ना," ते म्हणाले, "यादीत तुझं नाव राहूनच गेलं."

"बावीस वर्षं इथे समोर बसते. राहायचंच."

"तुझं मत... मला ना?"

बायकोने गल्ला बंद केला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. "ते मग सांगते. आधी मला सांगा, निवडून आलात तर तुम्ही करणार काय?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पक्षात त्यांना दहा वर्षं झाली होती. बैठका झाल्या होत्या, ठराव झाले होते, झेंड्याच्या रंगावरून दोन सभासदांचं कायमचं वाजलं होतं. हा प्रश्न कधी निघाला नव्हता. तोंड उघडंच राहिलं.

बायकोने घड्याळाकडे पाहिलं.

"तीनला अजून सव्वा तास आहे," ती म्हणाली. "सुचलं तर सांगा." आणि तिने पुढच्या पेशंटला आत पाठवलं.