शंभरामागे आठ वेढे

पिंटूने कीबोर्डाचं शेवटचं बटण दाबलं आणि त्यातून गिटार वाजली. खरी गिटार गळ्यात अडकवलेला नयन ढुमणे तेव्हा त्याच्यापासून दीड हातावर उभा होता. एकच बटण रिकामं होतं, त्यावर पेनड्राइव्हमधून टाकली, असं पिंटूने निरागसपणे सांगितलं. नयनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

राळेगावच्या ‘राजदीप मेलडी’त नयन अकरा वर्षं गिटार वाजवत होता. दिवसभर कृषी केंद्रात बियाण्यांच्या पिशव्यांची नोंद ठेवायची त्याला सवय, आणि रागही तो तसाच ठेवायचा: तारीखवार, नावानिशी, कशाची खाडाखोड नाही. राजदीपच्या खात्याची पानं तर केव्हाच भरून गेली होती. राजदीप हा ऑर्केस्ट्राचा मालक, मुख्य गायक आणि निवेदकही. तो आज आणखी एक पान भरायला तयार होता.

“ऐकलं का नयन? घूं नाही, खर्र नाही. तुही गिटार लावली की वाटते स्टेजवर लाइटीची डीपी बसवली.”

“ती घूं गिटारची नाई, तुह्या वायरिंगची हाय.”

“कोनाचीबी असो. अठ्ठावीस तारखेचं लग्न वाजव. घूं आली, तर पुढच्या सीझनपासून बटन.”

नयनने हे वाक्य तारखेसकट मनात उतरवून घेतलं आणि घरी आला. तीन दिवस तो मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहत बसला. गिटारच्या तारांखाली जी लोहचुंबकाची पट्टी असते, तिच्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे असतात. हे पिकअप. एका वेटोळ्याऐवजी दोन घातली आणि त्यांतलं एक उलटं गुंडाळलं, की दोन्हींची घूं एकमेकींना मारते. वेढे जास्त, तेवढा आवाज भरीव. आणि या सगळ्याला साथ वॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची हवी, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्या लुकलुकतात त्याची. तशी मखमल कोणत्याही बटणात सापडत नाही, असं ते सगळे गोरे छातीवर हात ठेवून सांगत होते.

वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर घरातच होता. नयनच्या सासऱ्यांचा मुकुटबनला लाऊडस्पीकरचा धंदा होता, त्याची ती शेवटची खूण. निशिगंधाने ती माळ्यावरून काढून दिली, पण नवऱ्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहून तिचा जीव वरखाली झाला.

“बाबांनी याच्यावर पंधरा वर्षं पोलिओचे डोस पुकारले. तुमी काय पुकारनार हाव?”

नयन म्हणाला, मी पुकारणार नाही, वाजवणार आहे. यंत्र मूळचं माइकसाठी बनवलेलं. त्याने आतले विजेला आवर घालणारे दोन रोधक काढून त्याचा कान आणखी तिखट केला. तिसऱ्याला हात लावला तेव्हा यंत्र बंद असूनही आत साठलेल्या विजेने त्याला उचलून लोखंडी कपाटावर आपटलं. हा झटका त्याने सासऱ्यांच्या नावावर टाकला.

वेढ्यांसाठी तो बसस्टँडमागच्या नानाजींकडे गेला. नानाजींनी चाळीस वर्षांत तालुक्यातल्या झाडून साऱ्या विहिरींच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरल्या होत्या. कुरियरने आलेली तार त्यांनी उजेडात धरली, आणि दिसेना म्हणून चष्मा पुसला.

“हे तार हाय का बुढीचा केस? अन् एक वेटोळं उलटं? उलटी मोटार पानी खाली ढकलते, बापा.”

पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीवर वळलेल्या त्या बोटांत तार चार वेळा तुटली. प्रत्येक वेळी नानाजींनी तारेला नावं ठेवली आणि नयनने नानाजींना. पाचव्या वेळी आतल्या खोलीतून नानाजींच्या पत्नी भागीरथाबाई बाहेर आल्या. दोघांना उठवून त्यांनी वाइंडिंग मशीन आपल्यासमोर ओढलं. गेल्या अधिक महिन्यात त्यांनी लक्षवात पुरी केली होती. लाख वाती बोटांनी वळल्या, बोटांनी मोजल्या. तुमचे आठ-आठ हजार वेढे म्हणजे एका दुपारचं काम, असं म्हणून त्यांनी दोघांनाही चहाच्या टपरीवर पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वेटोळी तयार होती. तार कुठेही तुटलेली नव्हती. फक्त प्रत्येक वेटोळं काठाबाहेर फुगून आलं होतं, आणि वरचे वेढे सैल पडले होते.

“काकू, आठ हजारच घातले ना?”

“आठ हजारच. शंभरामागं आठ वरचे, जपाच्या माळेसारखे. मोजन्यात चुकलेमाकले असतेत ना रे, ते देवाले पोचले पाह्यजेत.”

नयनने हिशेब केला. एका वेटोळ्याला सहाशे चाळीस वेढे जास्त, आणि तेच सगळ्यात वर, सैल. तो पेटला, पण भागीरथाबाईंवर पेटायची सोय नव्हती. त्याने तो राग नानाजींच्या नावावर चढवला. नानाजींना त्याचा पत्ताही नव्हता. ते वार्निशचा डबा उघडून उभे होते. मोटार भरली की वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत वाळवायची, म्हणजे वेढे एकमेकांना चिकटून बसतात, हा त्यांचा धर्म. नयनने डब्यावर हात ठेवला. वार्निशने सूर मरतो, असं एका व्हिडिओत होतं.

“पाह्य बापा,” नानाजी म्हणाले, “वार्निश नाई दिलं तर वरचे वेढे थरथरतीन. बाजूनं कोनी खोकललं तरी तुही गिटार आत घेईन.”

नयनने ऐकलं नाही.

अठ्ठावीस एप्रिल. भर दुपारचं लग्न, मंगल कार्यालयाचे पत्रे तापलेले. नयनने गिटार लावली, काचेच्या नळ्या तांबूस झाल्या, आणि घूं आली नाही. पहिल्या गाण्यात तार अशी भरून बोलली की राजदीपने दोनदा मागे वळून पाहिलं. पिंटूने शेवटच्या बटणावरचं बोट हळूच काढलं. तो नेहमीप्रमाणे सगळा कार्यक्रम कीबोर्डात रेकॉर्ड करत होता.

तिसऱ्या गाण्यानंतर राजदीपने पाहुण्यांचे आभार मानायला घेतले. नवरदेवाचे मामा रामधनजी एकाच गाण्याची चौथी चिठ्ठी देऊन गेले. नयनने ती चुरगाळली, आणि तार लावायला गिटारवर वाकला. तोंड तारांच्या वीतभर वर आलं. राग आला की तो स्वतःशी पुटपुटत असे, ही अकरा वर्षांची सवय.

“चौथी चिठ्ठी. एका गान्याशिवाय दुसरं मालूमच नाई याले. आहेरात दुपट्टा देला अन् थाट राजाचा.”

मंडपात हशा झाला. राजदीप काहीतरी विनोद करतो आहे, असं नयनला वाटलं. त्याचा त्याला आणखी राग आला.

“हसा. यानं आजवर एक विनोद स्वतःचा केला नाई. दुसरं कडवं दर बार विसरते अन् हात वर करून पब्लिकले म्हनाले लावते. अन् म्हने गिटार खराब.”

राजदीपचे आभार थांबले. त्याने हातातला माइक पाहिला, बंद केला. मग गायिकेचा बंद केला, मग ढोलकीवाल्याचा. एकेक वायर उपटत तो स्टेजभर फिरू लागला. खाली रामधनजी उभे राहिले होते आणि कोणाचा आवाज म्हणून गरजत होते. नयनला वाटलं, हे पाचवी चिठ्ठी घेऊन येतात.

“सहाच्या सहा कूलर नवरदेवाकडच्यांच्या तोंडावर. पोरीचा बाप सकाळपासून पत्र्याखाली उभा हाय, घामानं सदरा पिळायची वेळ आली. एक कूलर इकडे फिरवाले याइचे हात मोडतेत काय?”

नवरीच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या. आधी एक म्हातारी, मग अख्खी रांग. टाळ्या कशाला हे पाहायला नयनने मान वर केली. सगळा मंडप त्याच्याकडे पाहत होता. राजदीप हातात वायरींचा भारा घेऊन उभा होता. आणि बाजूला सासऱ्यांचं यंत्र तांबूस चेहऱ्याने शांत बसलं होतं.

“आयला,” नयन म्हणाला. तेही पंगतीच्या टोकापर्यंत पोचलं.

कोणी तरी दोन कूलर फिरवले. रामधनजींचा पारा उतरला नाही, पण त्यांना आता घाम मात्र येऊ लागला. नवरी पदरात तोंड लपवून हसत होती. सामान बांधताना राजदीप एवढंच बोलला, “उद्या ये.”

नयन आधी नानाजींकडे गेला. त्यांनी वेटोळी वार्निशमध्ये बुडवली, मंद आचेवर वाळवली, आणि गिटारजवळ तोंड नेऊन मनसोक्त खोकून दाखवलं. यंत्र गप्प राहिलं. सूर मेला नव्हता, उलट जरा गोळीबंद झाला होता. व्हिडिओवाल्याचं नाव नयनला उच्चारता येत नव्हतं, म्हणून तो राग बिननावाचा राहिला.

तालमीच्या खोलीकडे जाताना त्याने अकरा वर्षांची सगळी पानं पाठ केली. काढून टाकायच्या आत सोडून द्यायचं, पण ऐकवून. दार ढकललं तर राजदीप फोनवर आर्जवं करत होता. सकाळपासून चार लग्नांचे फोन येऊन गेले होते. सगळ्यांना ‘तो कूलरवाला’ हवा होता.

“मी रागावून दाखवनार नाई,” नयन दारातूनच म्हणाला. “अन् वार्निश मारून आनली. आता गिटार फक्त वाजते.”

“तुले कोन म्हन्ते रागाव? पिंटू, दाब.”

पिंटूने शेवटचं बटण दाबलं. खोलीत नयनचा आवाज घुमला. सहाच्या सहा कूलर, पोरीचा बाप, घामानं पिळलेला सदरा. पुन्हा दाबलं, पुन्हा सगळं, मापात, कुठेही घूं नाही.

“या बटनात गिटार होती ना?” नयनने विचारलं.

“होती,” पिंटू म्हणाला. “पन बटन एकच. हे टाकलं तं ते उडालं.”

“म्हनून गिटार तूच वाजव,” राजदीप म्हणाला. “पुढच्याच्या पुढच्या सीझनलेबी. राग आता आमच्याजवळ हाय.”

नयन खुर्चीवर बसला. खुर्ची वाचली होती, आणि ती त्याच बटणामुळे वाचली हेच त्याला सहन होईना. हा राग कोणाच्या नावावर टाकायचा? त्याने तोंड उघडलं. मग त्याला पिंटूचं बोट दिसलं. रेकॉर्डच्या बटणावर ते हळूच, आशेने टेकलं होतं.

त्याने तोंड मिटलं आणि तार लावायला घेतली.