विषयवार रेडकर काका

आमच्या सोसायटीच्या चेअरमननी स्वतःचं आत्मचरित्र छापून आणलं. रेडकर काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि कादंबऱ्यांच्या कप्प्यात ठेवलं.

चेअरमन तणतणत खाली आले. "अहो काका, हे चरित्रात जायला हवं!"

"वाचलंय मी," काका म्हणाले. "जागा बरोबर आहे."

मुलुंड पूर्वेला आमचा टॉवर. तळमजल्यावरच्या एका खोलीत सोसायटीचं वाचनालय आहे आणि ते रेडकर काका चालवतात. घाटकोपरच्या एका कॉलेजात ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. पुस्तकाचं नाव सांगितलेलं त्यांना खपत नाही. "नाव कित्याक बघतस? विषय बघ गो!" रागावले की ते मालवणीत शिरतात. शेअर बाजारात झटपट श्रीमंत करणारं पुस्तक त्यांनी ज्योतिषाशेजारी लावलंय. सुखी संसार कसा करावा हे सांगणारं एक जाडजूड पुस्तक युद्धशास्त्रात आहे. बायकांपैकी कुणी तक्रार केली नाही, म्हणून ते तिथेच राहिलं.

घरीही तेच. फ्रिजचा वरचा कप्पा 'चालू', खालचा 'संदर्भ'. परवाची आमटी संदर्भात. "संदर्भ म्हणजे बघायचं, बाहेर काढायचं नाही," असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं होतं.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण तेव्हा मी हसायचं बंद केलं होतं, कारण हसले की मला लघवी सुटायची.

हे लिहितानाही कान गरम होतायत. धाकटी झाल्यापासून शिंक आली की थोडा त्रास व्हायचा, पण पंचेचाळिशीनंतर तो वाढला. वरच्या मजल्यावर हळदीकुंकवाला एकीनं चेअरमनची नक्कल केली, सगळ्या खिदळल्या, मीही खिदळले, आणि हसता हसता कळलं. सगळ्या उठून गेल्या तरी मी प्लास्टिकच्या खुर्चीला चिकटून बसलेली. शेवटी "पाठीत उसण भरलीय गं" असं सांगून, पदर मागून गुंडाळून जिन्यानं उतरले. त्यानंतर भिशी बंद, वाढदिवस बंद. नवऱ्याला सांगितलं नाही. आमचे डॉक्टर त्याच्या शाळेतले दोस्त, त्यांना कसं सांगणार? मोबाईलवर शोधावं तर मोबाईल सदा लेकीच्या हातात, आणि एकदा शोधलं की आठवडाभर त्याच्याच जाहिराती.

म्हणून एका दुपारी वाचनालयात गेले. आरोग्याच्या कप्प्यात मधुमेह, गुडघे, रक्तदाब. मागे टेबलावर दोन आजोबा पेपर वाचत होते. त्यांची नजर माझ्या पाठीवर आहे असं उगाच वाटत राहिलं.

"विषय काय?" काकांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं.

"काही नाही... असंच."

माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. काकांनी पुन्हा विचारलं नाही. रजिस्टरमध्ये मान घालून म्हणाले, "लोणच्यांच्या कप्प्यात बघ. अगदी उजवीकडे."

मला लोणचं नको होतं, पण तिथून निघायला बरं पडलं. कैरी, लिंबू, उन्हाळी वाळवणं, आणि त्यांच्या पुढे तपकिरी कव्हर घातलेली, पाठीवर काहीही न लिहिलेली काही पुस्तकं. पहिलं पाळी जाण्याविषयी होतं. दुसरं स्तनांतल्या गाठींविषयी. तिसऱ्यात माझा त्रास होता. त्याला नाव होतं, व्यायाम होते, आणि 'हा अनेक बायकांना होतो' असं एक साधं वाक्य होतं. मी तिथेच उभी राहून डोळे पुसले. आजोबांनी मान वर केली नाही. लोणच्यांपाशी उभ्या असलेल्या बाईकडे कोण बघतं?

त्या पुस्तकाच्या धीरावर मी ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. आता बरंच बरं आहे. पुस्तक परत करायला गेले तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.

"काका, चेअरमनचं तुम्ही ऐकलं नाहीत. मग ही पुस्तकं चुकीच्या जागी कशी?"

त्यांनी पुस्तकावर परतीचा शिक्का मारला.

"आधी बरोबर जागी होती," ते म्हणाले. "'स्त्रियांचे आजार' अशी पाटी मीच रंगवलेली. ठळक अक्षरात, पेपरच्या टेबलासमोर. आमची शालन रोज यायची. त्या पाटीपर्यंत जायची आणि लोणच्यांचं पुस्तक घेऊन परत फिरायची. मी सगळ्यांसमोर चेष्टा करायचो, किती लोणची घालशील गो?"

शालनकाकू म्हणजे काकांची बायको. त्या कॅन्सरनं गेल्या एवढंच बिल्डिंगला माहीत होतं.

"छातीत गाठ लागली होती तिच्या हाताला. मलाही सांगायला लाजली. कळलं तेव्हा उशीर झालेला." त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "जन्मभर लोकांना विषय विचारले मी. घरात नाही विचारला."

बाहेर कुणीतरी लिफ्टचं दार उघडं ठेवलं होतं, तिची टिंगटिंग चालू होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग काकूंनी लोणचं घातलं का?"

"घातलं तर. पुस्तक नेलंय म्हटल्यावर घालायलाच हवं ना तिला," ते म्हणाले. "एक बरणी अजून आहे. उघडायची लाज वाटते."