अस्तनीतला गजर

श्री. ज्याचे कांटे कोणी पाहिले नाहींत त्या काळपुरुषास नमन असो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयीं एका राज्याचे महाराजांस जुनीं गजराचीं मनगटी घड्याळें जमविण्याचा नाद जडला. घड्याळ चावीचें, एक चावी वेळेची, दुसरी गजराची, नेमिली वेळ भरतांच आंत बारीक हातोडी चाले आणि डबींत भुंगा कोंडावा ऐसा आवाज होई. महाराज स्वहस्तें सर्वांस चाव्या देत आणि रोज सूर्योदयीं सारीं घड्याळें एकदम गुरगुरत आणि वाडा दचकून उठे. पुढें राणीसाहेब मैनाबाई यांस कन्या जाहली आणि त्यांचे ध्यानीं आलें कीं, सारे उठतात, धाकल्या बाईसाहेब मात्र पापणी हलवीत नाहींत. दारीं नौबत झडे, तरी तैसेंच. अंगाई म्हणतां हंसत, परंतु तें मुख पाहून कीं सूर ऐकून, हें कळेना. मग राणीसाहेबांनीं संतापून हुकूम केला, "लेकीला ऐकूं येतं कीं नाहीं हें कळेतों नवं घड्याळ वाड्यांत येणें नाहीं!" महाराज बोलिले, "बरें." आणि आठ दिवस न जातां एक घड्याळ घेऊन अस्तनींत दडविलें आणि साळसूदपणें लेकीस पाहावयास आले. राणीसाहेब पाठमोऱ्या बसून लेकीस पाजीत होत्या. तों अस्तनींत गजर जाहला. हा आवाज निराळाच, घसा बसल्या बेडकासारखा. महाराजांनीं अस्तनी दाबून धरिली आणि म्हणाले, "डांस असेल." दाई ठकूबाई म्हणाली, "चांगलाच पोसलाय म्हणायचा!" इतक्यांत धाकल्या बाईसाहेबांनीं दूध सोडिलें, मान वळविली, ओठ काढिला आणि भोकाड पसरिलें. राणीसाहेब गर्रकन वळल्या. मग म्हणाल्या, "अस्तनींत निखारा असतो ऐकलं होतं. काढा बाहेर. आणि पुन्हा वाजवा. तिच्या अंगाला लावूं नका, थरथर कळेल. मागें जा, लांबून वाजवा." महाराजांनीं मागें जाऊन चावी दिली. बेडूक बोलला, लेक वळली. तिसऱ्यांदा बोलला, वळून हंसली. मग राणीसाहेब रडतां रडतां हंसूं लागल्या, "पोटांत होती तेव्हांपासून तुमचीं तीं डबडीं आणि ती नौबत रोज ऐकतेय हो! तिला त्याचं काय नवल? नवं ऐकवायला हवं होतं!" महाराज हळूच बोलिले, "म्हणूनच तर आणिलें." "गप बसा!" ऐसें म्हणून राणीसाहेबांनीं तें घड्याळ पदरानें पुसून पाळण्याचे दांडीस बांधिलें. दुसरे दिवशीं सूर्योदयीं सारीं घड्याळें गुरगुरलीं, वाडा दचकून उठला, पाळण्यांत लेक निजलेली आणि शेजारीं, कैक दिवसांनीं, राणीसाहेबही गाढ निजलेल्या.

आज्ञा मोडली, कान सांपडले, हकीकत संपली.