हॅग्बी खुर्दच्या हरकती व सूचना

"एक जरी हरकत आली, तर हा नकाशा मी मीठ लावून खाईन," लायोनेल थ्रॉसलने सोमवारी सकाळी आपल्या वरिष्ठ मिसेस पॉमफ्रेट यांना छातीठोकपणे सांगितलं.

नकाशा चांगला चार फूट लांब होता. जिल्ह्यातली एकशे सहा मतदान केंद्रं त्याच्यावर लाल टाचण्यांनी दाखवलेली होती. दर पाच वर्षांनी कौन्सिलला या सगळ्या टाचण्यांचा फेरविचार करावा लागतो, तसा कायदाच आहे. कुठल्या गावाने कुठे मत द्यायचं, जागा सोयीची आहे का, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आत शिरता येतं का, हे सगळं तपासायचं. लोकांकडून हरकती व सूचना मागवायच्या, त्या वाचायच्या आणि मग जे आधीच ठरलेलं असतं तेच ठरवायचं. निवडणूक विभागातल्या वीस वर्षांत लायोनेलने असे चार फेरविचार पार पाडले होते आणि चारही वेळा हरकतींच्या रकान्यात ठळक शून्य लिहिलं होतं. लोक टेबलावर मुलांचे फोटो ठेवतात, याने ते चार अहवाल ठेवले होते.

या शून्यामागे थोडी कलाही होती. नोटीस लावायची ती गावोगावच्या फलकावर, सगळ्यांना दिसेल अशीच, पण हरवलेल्या कासवाची जाहिरात आणि चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीची जाहिरात यांच्या बरोबर मधोमध. कासवाबद्दल लोक फोन करत, नोटिशीबद्दल आजवर कुणी केला नव्हता.

यंदा एकच टाचणी हलवायची होती, हॅग्बी खुर्दची. हॅग्बी नावाची दोन गावं आहेत, एक थोरलं आणि एक धाकटं. त्यांची इंग्रजी नावं बाजूला ठेवून आपण बुद्रुक आणि खुर्द म्हणू, हेवेदावे तेच आहेत. खुर्दमध्ये मतदार त्रेपन्न. शाळा बंद पडली, पब बंद पडला, समाजमंदिर कधी नव्हतंच. म्हणून गेली बावीस वर्षं अख्खं गाव मिस हेस्टर ओल्डरॉइड यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत मत देत होतं. सोफा भिंतीला सरकवायचा, दोन आडोसे उभे करायचे, दोरीला पेन्सिली बांधायच्या आणि पियानोच्या स्टुलावर मतपेटी ठेवायची, की झालं केंद्र. पण घराला दोन पायऱ्या होत्या, दार चिंचोळं होतं आणि हेस्टरबाई आता एक्याऐंशीच्या झाल्या होत्या. तीन किलोमीटरवर बुद्रुकमध्ये नवाकोरा क्रीडा हॉल उभा राहिला होता, बैलगाडी आत जाईल असं त्याचं दार होतं. यात हरकत घेण्यासारखं काय होतं?

बुधवारी पहिलं पत्र आलं. पाकिटावर लाल शाईने 'गोपनीय' लिहिलेलं. पाठवणारे व्हर्नन मावसन, डुकरं पाळणारे शेतकरी आणि खुर्दच्या पंचायतीचे अध्यक्ष.

'महोदय, केंद्र हलवण्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. माझं नाव मात्र कुठेही येऊ देऊ नये. कारण: केक.'

लायोनेल बुचकळ्यात पडला. दुपारच्या टपालाने त्याच गावातल्या डोरीन क्लीझ्बी यांचं पत्र आलं आणि त्यात खुलासा झाला. मतदानाच्या दिवशी हेस्टरबाई दाराशी ताट घेऊन उभ्या राहतात. ताटात शहाजिरं घातलेला त्यांचा स्वतःच्या हातचा केक असतो. तो खाल्ल्याशिवाय कुणालाही बाहेर पडता येत नाही आणि खाताना बाई तोंडाकडे बघत राहतात. डोरीनबाईंची एक दाढ गेल्या निवडणुकीत कामी आली होती. मत कुणाला दिलं ते गुप्त राहतं, पण केक किती खाल्ला ते सगळ्या गावासमोर असतं, असं त्यांनी कळवळून लिहिलं होतं. शेवटी त्याही म्हणत होत्या की बाकी गावाचा त्या केकवर फार जीव आहे, मीच एकटी अशी निघाले, तेव्हा कृपया बोभाटा नको.

शुक्रवारपर्यंत अशी त्रेचाळीस पत्रं आली. त्रेचाळीसही गोपनीय, त्रेचाळीसही पाठिंब्याची आणि प्रत्येकाची समजूत अशी की गावात काळ्या मनाचा माणूस काय तो आपणच. लायोनेल खुशीत होता. पाठिंबा म्हणजे काही हरकत नव्हे, त्यामुळे शून्य शाबूत होतं. पण मिसेस पॉमफ्रेट नियम पाळणाऱ्या बाई. इतकी पत्रं आली म्हणजे जनसुनावणी घ्यायलाच हवी, त्या म्हणाल्या, आणि तीही त्याच गावात. आता खुर्दमध्ये चार माणसं बसतील अशी खोली एकच होती.

तर सुनावणी झाली ती हेस्टरबाईंच्या पुढच्याच खोलीत. बाईंनी पाहुणे यायचे म्हणून तीन केक भाजले होते. लायोनेल या खोलीत प्रथमच येत होता. त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोरीनबाईंच्या दाढेविषयी त्याचं मत एकदम बदललं. तो घास पुढे सरकेना, मागेही येईना. सगळं गाव गुडघ्यावर बशी ठेवून बसलं होतं आणि समोर आरामखुर्चीत हेस्टरबाई विणकाम करत होत्या. घास चहाबरोबर उतरल्यावर लायोनेलने प्रस्ताव वाचून दाखवला आणि कुणाला काही म्हणायचंय का, असं विचारलं. त्याच्या बॅगेत पाठिंब्याची त्रेचाळीस पत्रं होती, त्यामुळे तो निर्धास्त होता.

मावसन उठले. त्यांनी हेस्टरबाईंकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"या खोलीत माझ्या वडिलांनी शेवटचं मत दिलं," ते म्हणाले. "त्या बुद्रुकच्या हॉलमध्ये लोक चड्ड्या घालून बॅडमिंटन खेळतात. तिथे मी मत देणार नाही. ही खोली गेली तर गावात उरलं काय?"

टाळ्या पडल्या. लायोनेलने बॅगेवर हात दाबून धरला. मग डोरीनबाई उठल्या आणि म्हणाल्या की खरं सांगायचं तर राजकारणात मला काडीचा रस नाही, मी मत द्यायला येते ती या केकसाठी. डोळे पुसत त्या खाली बसल्या. त्यानंतर एकामागून एक उरलेले एक्केचाळीस जण उठले आणि सगळ्या त्रेचाळीस जणांनी विरोध केला. कुणी कौन्सिलला हुकूमशहा म्हणालं, कुणी लायोनेलला. सगळ्यांचं झाल्यावर हेस्टरबाईंनी सुया बाजूला ठेवल्या.

"गावाचीच इच्छा असेल तर माझी कसली तक्रार?" त्या म्हणाल्या. "अंगात जीव आहे तोवर ही खोली तुमचीच."

सभा संपली. फाटकापाशी मावसननी लायोनेलची बाही धरली. पत्र जाळून टाका म्हणाले.

"जाळता येत नाही," लायोनेल म्हणाला. "फेरविचार संपला की आलेलं प्रत्येक पत्र कौन्सिलच्या फलकावर लावायचं असतं."

"नावासकट?"

"नावासकट."

मावसननी बाही आणखी घट्ट धरली. "अहो साहेब, तुम्ही पाचला घरी जाल. आम्हाला इथेच मरायचंय, तिच्या समोर."

तेवढ्यात हेस्टरबाई काठी टेकत आल्या आणि त्यांनी लायोनेलच्या हातात कागदात बांधलेला केकचा पुडा ठेवला. घरी जाऊनच उघडा, असं त्यांनी दोनदा बजावलं.

लायोनेलने तो दुसऱ्या दिवशी कचेरीत उघडला. केकखाली चार घड्या घातलेलं पत्र होतं.

'प्रिय मिस्टर थ्रॉसल, हे गोपनीय आहे. मतदान बुद्रुकला न्या, मी तुमच्या पाया पडते. माझे गुडघे संपलेत. निवडणूक आली की मला पहाटे चारला उठून अकरा केक भाजावे लागतात. मला स्वतःला शहाजिऱ्याचा वासही सहन होत नाही. पण पहिल्या वर्षी सगळ्यांना केक इतका आवडला की बंद करायचं धाडस कधी झालं नाही. गावाला सांगू नका. त्यांचं मन मोडेल. आता मेमधली निवडणूक मला झेपणार नाही.'

लायोनेलला गलबलून आलं. हा गृहस्थ वीस वर्षं नकाशावरच्या टाचण्या हलवत होता, पण टाचणीखाली कुणाचे गुडघे दुखत असतील हे त्याला कधी सुचलं नव्हतं. काहीही करून मेच्या आत या बाईंना सोडवायचं, असं त्याने ठरवलं. पण कसं? पत्रं फलकावर लागली तर बाईंना कळणार की गाव बावीस वर्षं त्यांचा केक नाइलाजाने गिळत होतं, आणि गावाला कळणार की बाई गावाला कंटाळल्या आहेत. नियमात एक फट होती. ज्याने पत्र लिहिलं त्याने ते मागे घेतलं तर ते फलकावर लावावं लागत नाही. पण मग कागदोपत्री उरणार त्या फक्त सुनावणीतल्या हरकती, एक नाही, दोन नाही, तब्बल त्रेचाळीस. टेबलावरच्या चार अहवालांकडे तो बराच वेळ बघत बसला. मग त्याने ते खणात ठेवले आणि मावसनना फोन लावला.

दोन दिवसांत त्रेचाळीसही पत्रं मागे घेतली गेली. लेखणी हातात होतीच, म्हणून प्रत्येकाने सोबत फलकावर लावण्यासाठी एक नवं पत्रही धाडलं, चांगलं पानभर, केंद्र हलवण्याविरुद्ध. चव्वेचाळिसावं पत्र मागे घेतल्याची सही घ्यायला लायोनेल स्वतः हेस्टरबाईंकडे गेला आणि जाताना मोजपट्टी घेऊन गेला. दार भरलं एकाहत्तर सेंटिमीटर. चाकाची खुर्ची आत जाणं शक्य नव्हतं.

"अजून थोडं अरुंद लिही रे बाळा," हेस्टरबाई हळूच म्हणाल्या.

त्याने अहवालात लिहिलं, हरकती त्रेचाळीस, पाठिंबा शून्य, निर्णय केंद्र हलवावे, कारण दार अरुंद. अहवाल मंजूर झाला. शून्य याही वेळी मिळालं, फक्त रकाना चुकला. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर नकाशाची घडी होती आणि घडीवर मिठाची डबी. शेजारी मिसेस पॉमफ्रेट यांनी काटा-चमचाही मांडून ठेवला होता.

खुर्दमध्ये घराघराच्या फाटकावर 'थ्रॉसल, आमची खोली सोड' असे फलक लागले. सर्वांत मोठा फलक मावसन यांनी स्वतः रंगवला आणि रंग वाळताच फोन करून लायोनेलचे आभार मानले. हेस्टरबाईंनी चारचौघांत त्याला निर्दय म्हटलं. स्थानिक वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, तोही वाईट. पण लायोनेलला त्याचं काही वाटलं नाही. एका म्हाताऱ्या बाईला मे महिन्यात पहाटे झोपू दिलं, एवढं पुण्य वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पदरी पडलं होतं.

मे उजाडला. मतदानाच्या गुरुवारी खुर्दचे लोक रीतसर कपाळाला आठ्या घालून बुद्रुकच्या हॉलमध्ये आले, दोन मिनिटांत मत देऊन गेले. ना ताट, ना केक. दुपारी चार वाजता लायोनेल बाकीची केंद्रं बघायला गाडी काढून निघाला आणि वाटेत सहज खुर्दमध्ये वळला. आज तरी बाई पाय पसरून बसल्या असतील, लांबूनच बघून जाऊ, एवढाच त्याचा विचार होता.

हेस्टरबाईंच्या फाटकासमोर चौदा गाड्या उभ्या होत्या.

मत देऊन परतताना प्रत्येकाच्या मनात एकच आलं होतं. बिचारी बावीस वर्षांत पहिल्यांदाच आजच्या दिवशी एकटी असेल, नुसतं डोकावून जाऊ. पहिले मावसन डोकावले, मग त्यांची गाडी बघून बाकीचे. आणि हेस्टरबाईंनी, न जाणो कुणी आलंच तर बरं दिसणार नाही, म्हणून पहाटे चारला उठून केक भाजून ठेवले होते. आडोसे नव्हते, मतपेटी नव्हती, तेव्हा खोलीत जागाही चिक्कार झाली होती. मावसन सोफ्यावर तिसरा तुकडा चावत होते, चेहऱ्यावर हुतात्म्याचं हसू. डोरीनबाई डाव्या बाजूने खात होत्या.

हेस्टरबाई किटली घेऊन दारात आल्या. त्यांचंही तोंड हसत होतं, डोळे मात्र हसत नव्हते. "आलाच आहात तर या ना, मिस्टर थ्रॉसल," त्या म्हणाल्या. सगळं गाव बघत होतं. त्याने एक तुकडा घेतला, चावला, चावत राहिला. फारच छान झालाय, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं.

सोमवारी टपालात पाकीट आलं.

'प्रिय मिस्टर थ्रॉसल, हे गोपनीय आहे. पूर्वी निदान रात्री दहा वाजले की तुमचा माणूस पेटीला सील लावायचा आणि सगळ्यांना बाहेर काढायचा. आता काढायला कुणी नाही. अकरा केक पुरले नाहीत, बुद्रुकचे लोकही आले होते. पुढच्या फेरविचारात मतदान परत माझ्याकडे आणता येईल का? दाराचं काय ते मी बघते, सुतार बोलावून रुंद करून घेते. मात्र गावाला कळू देऊ नका. त्यांना वाटेल, मला ते नकोसे झालेत.'

पुढच्या फेरविचाराला पाच वर्षं होती. लायोनेलने नवी फाइल काढली, पत्रावर 'प्राप्त' असा शिक्का मारला आणि टपालातलं खालचं पाकीट उचललं. ते मावसन यांचं होतं. त्याच्यावरही लाल शाईने 'गोपनीय' लिहिलेलं होतं, आणि त्याखाली आणखी बेचाळीस पाकिटं होती.