कासव-कूर्म यांचे युद्ध आणि ऱ्हस्व उकाराची फत्ते

श्रीमत् सकलग्रंथशुद्धिधुरंधर, काना-मात्रा-वेलांटीच्या राज्याच्या रक्षणकर्त्या थोरल्या वहिनीसाहेब, मुद्रितशोधक, यांच्या नऊ वर्षांच्या लॅपटॉपावर जो प्रसंग गुदरला, ते वर्तमान ऐकिले तैसे, पदरचे फार न घालिता, लिहिले आहे.

सोमवारी प्रातःकाळी पडद्यावर जुन्या प्रणालीच्या कंपनीचे फर्मान उमटले की, यंत्र वृद्ध जाहले, यापुढे आमची कुमक येणार नाही. शब्दकोशाचे अखेरचे मुद्रित शुक्रवारी दुपारपर्यंत रवाना करणे होते. खबर दोघा दिरांस पोहोचली आणि दोघेही पेनड्राइव्ह परजीत दाखल जाहले. मधले भाऊजी, वीजमीटर तपासनीस, हे कासव नामक संगणक चालविणाऱ्या प्रणालीचे कडवे सरदार, आणि धाकटे भाऊजी, चष्मे बनविणारे, हे कूर्म नामक प्रणालीचे. दोन्ही प्रणाली फुकट, दोहोंचे अंतरंग कोणीही उघडावे आणि सुधारावे असे, आणि दोन्ही एकाच पोटच्या. खिडकी बंद करण्याची फुली उजवीकडे असावी की डावीकडे, यावरून कर्त्यांत पूर्वी फूट पडली, आणि डावीकडच्यांनी कूर्म काढिले. वरकड सर्व तेच.

मग मधल्यांनी कासव चढविले, आणि मंगळवारी वहिनीसाहेब दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असता धाकट्यांनी छापा घालून कूर्म चढविले, आणि बुधवारी सकाळी पुन्हा कासव, आणि सायंकाळी पुन्हा कूर्म. कोशाचे मुद्रित निराळ्या पेनड्राइव्हवर होते, म्हणोन वाचले. वहिनीसाहेब फुलीस हात घालीत आणि फुली पलीकडल्या टोकास असे. भाऊ एकमेकांशी बोलेनासे जाहले. निरोप्या म्हणोन वहिनीसाहेबांचे यजमान नेमिले, ते बाल्कनीत पळोन एकाच कुंडीस तीनदा पाणी घालीत बैसले. या दोघा दिरांचे लहानपणी शुद्धलेखन वहिनीसाहेबांनीच घेतले होते, त्यामुळे दिरांचा अबोला वहिनीसाहेबांस दातदुखीहून जड गेला.

गुरुवारी त्यांनी दोघांस एका सोफ्यावर बैसविले आणि दोन्ही प्रणाली पाळीपाळीने चालवून पाहिल्या. तो दोहोंच्या पहिल्याच पडद्यावर एकच शब्द: सुरूवात.

"र ला दीर्घ ऊकार कोणी दिला?" वहिनीसाहेबांनी शांतपणे विचारले.

मग हुकूम जाहला की, जो पक्ष हा उकार उद्या सकाळपर्यंत ऱ्हस्व करील, तोच या यंत्रावर राहील. आणि वहिनीसाहेबांनी खासा स्वदस्तुरे नियमासह विनंतीचा खलिता लिहोन दोन्ही प्रणालींच्या कर्त्यांच्या छावण्यांस ईमेलाने रवाना केला.

कूर्माच्या छावणीत आठ जणांचे खलबत बैसले, आणि दीर्घ ऊकार दिसावयास भारदस्त, असे तिघांचे मत पडोन ते वेगळे निघाले आणि त्यांनी कच्छप नामक तिसरी प्रणाली स्थापिली. कासवाच्या ठाण्यावर त्या दिवशी एकच असामी हजर होता, तो पेशाने पाव भाजणारा, सातासमुद्रांपलीकडचा. त्याने पाव घटकेत दुरुस्ती मान्य करोन उत्तर धाडिले की, मला ही भाषा येत नाही, परंतु बाईंना येते असे दिसते.

तीस वर्षे परक्यांच्या पुस्तकांत लाल शाई ओतोन हे वाक्य वहिनीसाहेबांस प्रथमच मिळाले. त्यांनी ते दोनदा वाचिले. त्यात चूक नव्हती.

कासव कायम जाहले. धाकट्यांचे तोंड एवढेसे जाहले आणि ते चपला शोधू लागले. तेव्हा मधल्यांनी निमूट सेटिंग उघडोन एक टिचकी मारिली, आणि फुली उजवीकडून डावीकडे गेली.

"हे आधीपासून होतं?" धाकट्यांनी विचारले.

"होतं," मधले म्हणाले. "तू विचारलं नाहीस."

"तूही सांगितलं नाहीस," वहिनीसाहेब म्हणाल्या, आणि दोघांसही कोशाची पाने मोजावयास बैसविले.

येणेप्रमाणे शुक्रवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कोश रवाना जाहला, भाऊ बोलते जाहले, यजमान बाल्कनीतून परतले, आणि ऱ्हस्व उकाराची फत्ते जाहली. हे वर्तमान दोन वेळा तपासोन दप्तरी लाविले. चूक आढळल्यास वाचणाऱ्याने मुकाट सुधारावी, वहिनीसाहेबांस कळवू नये.