पिवळ्या पट्टीचं इंजिन

डिझेल इंजिनाला जुना रंग दिला की तो रंग ज्या दिवसाचा असेल त्या दिवसात ते निघून जातं, हे मांजरगावच्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिथली माणसं आपल्याला ओळखतात का, हे नागसेनला कुणीच कधी सांगितलं नाही. त्यानं जाऊन आलेल्या चालकांना विचारलं, मिस्त्रींना विचारलं, कँटीनवाल्यालाही विचारलं. सगळे चहा ढवळत दुसरीकडे बघायचे.

बाकीचे नियम साधे होते. वारसा कक्षाकडून वर्षातनं तीन-चार इंजिनं यायची. इंजिन नवंकोरं, संगणकावर चालणारं. त्याला द्यायचा तो रंग मात्र कोळशाच्या जमान्यातला, किरमिजी आणि साईसारखा, नाहीतर गर्द हिरवा, कडेला सोनेरी रेघ. ब्रशचा शेवटचा हात फिरला की इंजिन जायचं. त्याला टेकून कुणी उभं असेल तर तोही जायचा. तिकडं धूळ-धुराची पुटं चढायची, संध्याकाळपर्यंत रंग जुळेनासा व्हायचा आणि गेलेल्या माणसासकट इंजिन आपलं आपण परत यायचं. येताना कधी त्याच्या नाकावर ताज्या झेंडूची माळ असायची. ती काढून स्टोअरमध्ये जमा करायची, अशी पद्धत होती. तिथं बोललेलं इथं लागू धरू नये, असं एक परिपत्रक भिंतीवर चिकटवलेलं होतं.

नागसेन आठवीतून शाळा सोडलेला, एकवीस वर्षांचा. त्याचा थोरला भाऊ मिलिंद याच शेडमध्ये रंगारी होता. गेल्या श्रावणात मिलिंदला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसत होते तरी त्यानं पंधरा दिवस अंगावर काढले. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून अनुकंपेवर त्याची जागा नागसेनला मिळाली. जागेबरोबर कपाट मिळालं, कपाटात त्याचे कामाचे कपडे. कपड्यांच्या कोपरांना अजून मिलिंदच्या कोपरांचा आकार होता. नागसेन तेच घालून कामावर यायचा आणि त्याबद्दल कुणी काही बोललं की अंगावर धावून जायचा.

माघात तो वारसा कक्षातल्या पारसनीस मॅडमकडे गेला.

"निळा रंग पाहिजे," तो म्हणाला. "पिवळ्या पट्टीवाला."

"तो दोन वर्षांपूर्वी बंद झाला."

"म्हणून तर पाहिजे. आमचा दादा तोच मारायचा."

"प्रयोजन?" मॅडमनी पेन उघडलं.

"भावाला एवढंच सांगायचंय, की डोळे पिवळे झाले तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जा."

मॅडमनी ते लिहून घेतलं, वाचून पाहिलं आणि पेन मिटलं. "हे बघा साळवे, वारसा पंचवीस वर्षांनी लागतो. हा रंग अजून ऐतिहासिक झालेला नाही. तो नुसता जुना आहे."

"मग मी तेवीस वर्षांनी येऊ?"

"या की. तेवीस वर्षांनी मी नसेन, पण अर्ज असेल. आवक क्रमांक घेऊन जा."

नागसेननं बाहेर येऊन रंगाच्या रिकाम्या डब्याला लाथ घातली. डबा घरंगळत जाऊन इक्बालमिस्त्रींच्या पायाशी थांबला. मिलिंदला ब्रश धरायला ह्याच मिस्त्रींनी शिकवलं होतं. त्यांची दाढी आता पांढरी झाली होती.

"नाग्या, डब्यानं काय केलं तुझं?"

"चाचा, मी गुपचूप रंगवतो. तुम्ही बघितलं नाही म्हणा."

"माझं राहू दे. इंजिन कॅलेंडर बघत नाही रे, रंग बघतं. तू देशील अगदी तसाच रंग ज्या दिवशी होता, तिथं जाऊन ते उभं राहील. तुझ्या दादाची पट्टी कशी? फूटपट्टी तिच्यावरनं तपासावी अशी. आणि तुझा हात?"

"माझ्या हाताला काय झालंय?"

"परवा टाकीवर 'पिण्याचे पाणी' लिहिलंस. लोक वाचता वाचता जिना चढायला लागतात."

मिस्त्री थोडा वेळ त्याच्या अंगातल्या कपड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लाइन तीनवरचं इंजिन अस्तर मारून पडलंय. शनिवार-रविवार माझ्या भाचीचं लग्न आहे. मी इथं नाही."

शनिवारी नागसेननं निळा बसवला. रविवारी दुपारी पट्टी मारायला घेतली. शेडचे पत्रे तापून कडकड वाजत होते, थिनरच्या वासानं डोकं हलकं झालं होतं. मोजायचा, आखायचा धीर त्याच्याजवळ नव्हता. नुसत्या हातानंच त्यानं ब्रश ओढत नेला. पट्टी दाराजवळ वर चढली, जाळीजवळ खाली उतरली, पुढं पुन्हा वर. टोकाला पोहोचल्यावर त्यानं एक हात इंजिनावर टेकून मागं वळून पाहिलं, तेव्हा त्याला ते वाकडेपण दिसलं. पुसावं असं मनात येईतो इंजिन गेलं होतं आणि तोही.

शेड तीच होती. ऊन मात्र धुतलेल्या मलमलीतून यावं तसं येत होतं, आणि पत्रे वाजत नव्हते. बाहेरचा कडुलिंब कमरेएवढा होता. पाण्याच्या टाकीवर काही लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या लाइनवर एक निळं इंजिन उभं होतं. त्याचीही पिवळी पट्टी दाराजवळ वर चढली होती, जाळीजवळ खाली उतरली होती. तिच्यासमोर एकोणीस वर्षांचा मिलिंद हातात चिंधी घेऊन उभा होता. त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं.

काळ्या दाढीचे इक्बालमिस्त्री तिकडून आले. त्यांनी नागसेनचं इंजिन खालीवर पाहिलं. "कुठल्या सालचं?"

"पुढचं."

"बरं. हलवू नका, मागून मालगाडी घ्यायचीय." मग ते मिलिंदकडे वळले. "पाचला साहेब बघायला येतील. पट्टी सरळ नसली तर उद्यापासून येऊ नकोस." आणि ते निघून गेले.

मिलिंदनं नागसेनच्या इंजिनाकडे पाहिलं. पाहता पाहता त्याला हसू आलं.

"दादा, तुमचीपण वाकडीच आलीय की."

घरातला थोरला तो. त्यानं नागसेनला आजवर नाग्या, गाढवा, बारक्या म्हटलं होतं.

"घाई केली," नागसेन म्हणाला.

"माझं पहिलंच आहे. तुमची बघून जरा बरं वाटलं." त्यानं नागसेनच्या कपड्यांवर बोट ठेवलं. "तुम्हालापण एक माप मोठेच दिलेत."

"ऐक," नागसेन म्हणाला. "तुझे डोळे कधी पिवळे झाले ना, तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठायचा. अंगावर काढायचं नाही. शपथ घे."

"डोळे?" मिलिंदनं आपले कोपरापर्यंत पिवळे झालेले हात दाखवले. "इथं सगळंच पिवळं होतंय दादा. कशाकशाचा दवाखाना करू?"

"शपथ घे म्हणतो ना, भडव्या!"

मिलिंद दचकला. मग समजूत काढावी तसं म्हणाला, "बरं बाबा, शप्पथ. रडताय कशाला? साहेब तुमच्या पट्टीला थोडेच बघायला येणार आहेत."

घड्याळात साडेतीन झाले होते. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. दोन्ही इंजिनं जुळी भावंडं असावीत तशी शेजारी शेजारी उभी होती. धूळ हळूहळू, दोघांवर सारखीच बसत होती.

"बस की थोडा," नागसेन म्हणाला. "डबा आणलायस का?"

"खाल्ला. आमच्या बारक्यानं त्यातली अर्धी भाकरी सकाळीच पळवली होती, डांबरट आहे." मिलिंदनं खिशातून सुताची दोरी काढली आणि तिला खडू घासायला लागला. "बसायला वेळ नाही दादा. वरच्या वरच आखून घेतो. मग फुगलंय तिथं निळा अन् खोल गेलंय तिथं पिवळा. तासाभरात सरळ होईल. पण जोडीदारानं आजच दांडी मारली, आणि ही दोरी एकट्याला मारता येत नाही. एक टोक धरता?"

नागसेननं त्या पट्टीकडे पाहिलं, मग आपल्या पट्टीकडे. ती सरळ झाली की दोन्ही रंग जुळणार नव्हते. मग इंजिन लगेच परत निघणार, त्याच्याबरोबर तोही; संध्याकाळपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता.

"पाचलाच येतील का साहेब?" त्यानं विचारलं. "उशीर नाही होणार?"

"पाचला म्हणजे पाचला. आमची आई घरी दारात बसून असेल. काय झालं ते तिला सांगायचंय."

मिलिंदनं दोरी पुढं केली. नागसेननं टोक घेतलं, इंजिनाच्या कडेला गेला, मिलिंदनं दाखवलेल्या खुणेवर ते ठेवलं आणि अंगठ्यानं दाबलं. पलीकडच्या टोकाला एक डोळा मिटून मिलिंद दोरीच्या रेषेत बघत होता.

"अजून दोन सूत खाली. हां. आता घट्ट धरा दादा. मी सोडेपर्यंत हलायचं नाही."

नागसेननं दुसरा अंगठाही वर दाबला, श्वास रोखला, आणि हलला नाही.